सहाच आठवड्यांचा प्रश्न

टॉलंड मालक जन्मले त्याच दिवशी त्यांची आई गेली. बाळ अशक्त होतं, शेळीचं दूध पचेना. तेव्हा गावाबाहेरच्या उतारावर राहणाऱ्या केझाया ड्रेज नावाच्या वीस वर्षांच्या बाईला मोठ्या घरी बोलावलं. तिचं पहिलं मूल पंधरा दिवसांपूर्वीच मातीत गेलं होतं आणि पान्हा अजून आटला नव्हता. तिनं आमच्या मालकांना दीड वर्ष अंगावर पाजलं. पुढं तिला मूल झालंच नाही.

हे मला केझायानंच सांगितलं. मी विल्टशायरमधल्या या चिल्कोट गावात आले ती सन अठराशे चोविसात, टॉलंडांचं घर सांभाळायला. बावीस वर्षं त्या घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. माझं नाव हॅना रुक. लग्न केलं नाही, तरी मोठ्या घरच्या रिवाजाप्रमाणे मला सगळे मिसेस रुक म्हणत, आणि मालकही तेच म्हणत. गावातल्या म्हाताऱ्या बायका आपसांत 'एव्हरार्ड' म्हणत असतील, पण तोंडावर सगळ्यांचे 'मालक'. फक्त केझाया त्यांना 'एव्ही' म्हणायची, अरे-तुरे करायची, आणि पायातले बूट चिखलाचे असले तर उंबऱ्याबाहेर उभं करायची.

मालकांची जीभ अडायची. लहानपणी वडिलांनी त्यावर छडीचा इलाज केला, तेव्हापासून ती जास्तच अडायला लागली. चार लोकांत 'म' आणि 'प' त्यांना उच्चारता येत नसत. पार्लमेंटमध्ये जायला निघालेल्या माणसाला 'पार्लमेंट' म्हणता येऊ नये, यावर गावातल्या गुत्त्यात फार विनोद झाले. पण मेंढ्यांशी, कुत्र्यांशी आणि केझायाशी बोलताना ते कधी अडखळले नाहीत. मी स्वतः ऐकलंय. तिच्या चुलीपाशी बसले की पाण्यासारखे बोलायचे.

पार्लमेंटची जागा त्यांनी मागितली नव्हती. आधी वडील होते, वडील गेल्यावर आसपासच्या जमीनदारांनी येऊन सांगितलं, टॉलंड, आता तुम्ही. ते गेले. दर वर्षी थंडी सरता सरता लंडनला भाड्याच्या घरात जायचं आणि गवत कापणीला परत यायचं, असा क्रम. लंडनला त्यांच्याबरोबर मी, एक स्वयंपाकीण आणि एक म्हातारी कुत्री. मालकीणबाई मी आल्यानंतर तीनच वर्षांत गेल्या, मूलबाळ न होता. त्यानंतर मालकांनी जेवणाच्या मोठ्या टेबलाचं टोक सोडलं आणि खिडकीपाशी एका छोट्या टेबलावर जेवायला लागले. तेवढाच त्यांचा शोक बाहेर दिसला.

माणूस वाईट नव्हता. सुगीत कुणाचा बैल मेला तर स्वतःचा पाठवायचे. न्यायाचे मात्र फार कडक. स्वतःच्या भाच्याला ससे चोरताना पकडलं तेव्हा त्यालाही गावातल्या पोरांइतकीच शिक्षा दिली, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मला कधी कधी वाटतं, ज्याला बोलता येत नाही त्याला आपला शब्द फार मोठा वाटत असावा. एकदा तोंडातून बाहेर पडला की तो त्यांना परत घेता यायचा नाही.

चौतीस साली गरिबांचा नवा कायदा आला. तोवर आमच्याकडे हातपाय थकलेल्या म्हाताऱ्यांना गावातूनच घरबसल्या भाकरी मिळायची. नव्या कायद्यानं ठरलं की ज्याला मदत हवी त्यानं गरीबघरात येऊन राहावं, पुरुषांनी पुरुषांकडे, बायकांनी बायकांकडे. लोक आळशी झालेत, असं त्यामागचं म्हणणं. ज्या दिवशी मत द्यायचं होतं त्या दिवशी लंडनमध्ये उकाडा होता. मालक सकाळपासून पत्र घेऊन बसले होते. घरून कळवलं होतं की गवत तयार आहे, हवा कोरडी आहे, तुम्ही कधी येता? ते सभागृहात गेले, हो म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गावाकडे निघालो. गाडीत ते कुत्रीला मांडीवर घेऊन म्हणाले, "कायदा शहाण्या लोकांनी केलाय, मिसेस रुक. चांगलाच असेल."

दोन वर्षांत स्टॅनबरीच्या रस्त्यावर गरीबघर उभं राहिलं. लाल विटांचं, चार अंगणांचं, मधे उंच भिंती. त्याच्या कारभारासाठी पंच नेमले गेले आणि पंचांचे अध्यक्ष झाले मालक. पहिल्याच बैठकीत ते उठून एक वाक्य बोलले. घरून पाठ करून गेले होते, म्हणून फारसं अडखळले नाहीत. "माझ्या माणसांना एक न्याय आणि तुमच्या माणसांना दुसरा, असं इथं कधी होणार नाही." पंचांनी टेबलं वाजवली. कारकुनानं ते वहीत लिहून घेतलं.

केझायाचा नवरा जेबेझ ड्रेज मेंढ्या कोंडायच्या ताट्या विणायचा. हेझलच्या झाडाचे फोक उभे चिरून, पिळून, असा विणायचा की तीन हिवाळे ताटीला काही व्हायचं नाही. पण सत्तरी ओलांडली आणि त्याच्या बोटांच्या गाठी झाल्या. मग सदतीस सालच्या नाताळात, ते राहायचे ती झोपडी ज्या शेतकऱ्याची होती त्यानं ती पाडायला काढली. घरही नाही, हातही चालत नाहीत. जानेवारीच्या बैठकीत गरीबघरात घ्यायच्या नावांची यादी वाचली गेली, त्यात त्यांचं नाव आलं.

पंचांपैकी एका पिठवाल्यानं म्हणे हसत विचारलं, "मालक, ही तर तुमची दाई ना?"

मालक म्हणाले, "यादी पुढं वाचा."

संध्याकाळी ते स्वयंपाकघराशी आले. असं ते कधी येत नसत. दारात उभे राहून मला म्हणाले, "फाटकाशेजारचं छोटं घर पंचवीस मार्चला रिकामं होतंय ना?"

"होय. घरं बदलायच्या दिवशी. पण ते लोक त्याआधी हलायचे नाहीत, मालक. बाळंतीण आहे घरात."

"मग तिथं केझायाला आणि जेबेझला ठेवायचं. कायमचं. दोन खुर्च्या टाका, चूल दुरुस्त करून घ्या."

"आणि तोवर?"

त्यांनी दाराची कडी सरळ केली.

मी म्हटलं, "धुणंघराच्या वर खोली आहे. तिथं राहतील की तोवर."

"लोक म्हणतील, टॉलंडनं स्वतःच्या माणसांसाठी पळवाट काढली. फाटकाचं घर निराळं. ते मी रीतसर भाडेकरूला देतोय. पण यादीत नाव आलेल्या माणसाला उचलून घरात आणायचं, म्हणजे उद्या प्रत्येक जमीनदार..." त्यांची जीभ अडली. मग म्हणाले, "सहाच आठवड्यांचा प्रश्न आहे, मिसेस रुक."

मी चुलीकडे वळले. आता खरं सांगते. धुणंघराच्या वरच्या खोलीत मी हिवाळ्याची सफरचंदं गवतावर मांडून ठेवली होती. ती हलवायची, तर दुसरी कोरडी जागा शोधावी लागली असती. मनात तेवढं आलं, आणि मी गप्प बसले.

फेब्रुवारीच्या दहाव्या तारखेला नेणारी गाडी येणार होती. आदल्या दिवशी दुपारी मालक स्वतः उतारावर गेले. मी रस्सा आणि पाव घेऊन मागं. झोपडीचं अर्धं छप्पर उतरवलेलं होतं. केझाया बोचकं बांधत होती. जेबेझ पालथ्या घातलेल्या टोपलीवर बसला होता.

मालकांनी सगळं सांगितलं. फाटकाचं घर, पंचवीस मार्च, दोन खुर्च्या.

केझायानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथं आम्हाला वेगवेगळं ठेवणार म्हणतात, खरं का रे?"

"तसा नियम आहे."

"आम्ही काय आता पोरं काढणार आहोत, म्हणून वेगळं ठेवायचं? कुणी केला हा नियम?"

"पार्लमेंटनं."

"तू होतास तिथं?"

"होतो."

"मग तू काय म्हणालास?"

मालक बोटांतल्या टोपीची कड फिरवत राहिले. "हो म्हणालो, केझाया."

तिनं बोचकं खाली ठेवलं. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं पुढं होऊन त्यांच्या कोटाचं निसटू पाहणारं बटण घट्ट केलं. "नीट वाचलं नसशील," ती म्हणाली. "पहिल्यापासून तुझं असंच. पुस्तक उघडं आणि लक्ष खिडकीबाहेर."

जेबेझ टोपलीवरून म्हणाला, "मालक, मनाला लावून घेऊ नका. त्रेपन्न वर्षं हिचं घोरणं ऐकलं. सहा आठवडे सुट्टी मिळतेय म्हणायची."

"सुट्टी तुला नव्हे, मला," केझाया म्हणाली. "रात्री याचे पाय बर्फासारखे. जळला मेला, माझ्याच पोटऱ्यांवर ठेवतो."

"मग आता कुठं ठेवू?"

"ठेव तुझ्या डोक्यावर."

आम्ही सगळे हसलो. मालकसुद्धा. उतारावरून परत येताना ते म्हणाले, "पाहिलंत ना? घेतील ते निभावून." मी हो म्हटलं.

तीन दिवसांनी आम्ही लंडनला गेलो.

पुढचं मला नंतर कळलं, काही केझायाकडून, काही तिथल्या एका भांडी घासणाऱ्या बाईकडून. गरीबघरात नवरा-बायकोची गाठ पडायची ती फक्त रविवारी, प्रार्थनाघरात. गाठ म्हणजे काय, बघणं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मधे वाट, आणि बोलायला बंदी. जेबेझला तिसऱ्या बाकावर खांबाशी जागा मिळाली होती. पहिल्या रविवारी त्यानं मान वळवून केझायाकडे पाहिलं आणि गाल फुगवून घोरायची नक्कल केली. तिला हसू आवरेना, म्हणून बायकांवर देखरेख करणारी बाई तिच्यावर ओरडली. चौथ्या रविवारी तो खोकत होता. पाचव्या रविवारी ती जागा रिकामी होती.

तिला वाटलं, सर्दी झाली असेल. निजून असेल. तिनं बाईला विचारलं, बाई म्हणाली पुरुषांकडचं मला माहीत नाही. ती खरंच बोलत होती. पुरुषांकडचं तिच्याकडे नव्हतं. सहाव्या रविवारी तिनं आपल्या वाटणीच्या पावाचा तुकडा फडक्यात बांधून बरोबर नेला, जेबेझ आलाच तर जाता जाता हातात देता येईल म्हणून. जागा रिकामीच. सातव्या रविवारी खांबाशी दुसराच कुणी म्हातारा बसला होता. तेव्हा केझाया प्रार्थना चालू असताना उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "ती जागा माझ्या माणसाची आहे."

प्रार्थना थांबली. पाद्र्यानं वर पाहिलं. आणि पुरुषांच्या बाकांवरून कुणीतरी, फार हळू आवाजात, म्हणालं, "बाई, ड्रेजला पुरून तीन आठवडे होत आले."

कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. सांगायचं काम कुणाचंच नव्हतं, इतकंच. पुरुषांच्या वहीत नाव खोडलं गेलं होतं. बायकांच्या वहीत खोडण्यासारखं काही घडलं नव्हतं.

पंचवीस मार्चला रविवार होता. मालक आणि मी त्यासाठी लंडनहून चार दिवसांची सवड काढून आलो होतो. रविवार म्हणून फाटकाचं घर आदल्याच दिवशी रिकामं झालं होतं; मी चुना लावून घेतला होता, खुर्च्या टाकल्या होत्या, जेबेझच्या पायांसाठी गरम करून फडक्यात गुंडाळायची वीटसुद्धा चुलीशी ठेवली होती. दुपारी मालक स्वतःची बंद गाडी घेऊन स्टॅनबरीला निघाले. मला म्हणाले, चला, केझायाला बाईमाणूस बरोबर असलेलं बरं.

गरीबघराचा व्यवस्थापक पॉटिंजर नावाचा मनुष्य होता. अध्यक्षांना अचानक दारात बघून तो कोटाची बटणं लावत धावत आला.

"ड्रेज नवरा-बायकोला न्यायला आलोय," मालक म्हणाले.

"ड्रेज... बाई आहे, साहेब. तिनं आज सकाळी प्रार्थनेत गोंधळ घातला, त्याबद्दल मी तुम्हाला कळवणारच होतो."

"आणि जेबेझ?"

पॉटिंजर वही बघायला आत गेला. तो वही बघायला गेला तेव्हाच मला कळलं. मालकांना कळलं नाही. ते भिंतीवर लावलेले नियम वाचत होते. खाली त्यांचीच सही होती.

केझायाला आणलं तेव्हा तिच्या अंगावर तिथला पट्ट्यापट्ट्यांचा झगा होता आणि केस कापलेले होते. इतकी लहान दिसत होती की मी आधी दुसऱ्याच कुणाला शोधत होते. ती रडत नव्हती. सकाळचं सगळं तिनं क्रमानं सांगितलं, जसं कुणी बाजारात काय झालं ते सांगतं. "मला वाटलं सर्दी झाली असेल," असं मधे मधे म्हणायची. "मला वाटलं, निजला असेल."

मालकांनी तोंड उघडलं आणि त्यांची जीभ अडली. तिच्यासमोर, जन्मात पहिल्यांदा. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि आवाज येत नव्हता. केझाया म्हणाली, "राहू दे रे. सावकाश सांग."

शेवटी ते म्हणाले, "घर तयार आहे. चल."

"दोन खुर्च्यांच्या घरात मी एकटी काय करू?"

"मग मोठ्या घरी चल. माझ्याकडे."

"नको. बायकांच्या निजायच्या खोलीतून ती जागा दिसते, जिथं यांच्याकडची माणसं पुरतात. खुणा नाहीत, पण माती नवी आहे ती कळते. मी इथंच बरी." तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "हॅना, त्याला न्यायच्या वेळी पायांत मोजे होते का, हे कुणाला विचारता येईल?"

मी विचारलं. कुणाला आठवत नव्हतं.

परतताना गाडीत मालक आणि मी समोरासमोर बसलो होतो. तीन मैल. ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. घरी आल्यावर मी धुणंघराच्या वर गेले. निम्मी सफरचंदं नासली होती.

जूनमध्ये लंडनला असताना एका दिवशी मालक मला म्हणाले, "मिसेस रुक, जरा बसा. ऐका." अभ्यासिकेत मला आणि कुत्रीला बसवून ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा सभागृहात बोलायचं त्यांनी ठरवलं होतं. गरीबघरांवर कुणा गावकऱ्यांचा अर्ज यायचा होता, त्या निमित्तानं. आठ दिवस त्यांनी सराव केला. 'म'चे आणि 'प'चे शब्द शोधून शोधून काढून टाकले. पण 'पती' काढला तरी 'पत्नी' राहायचा, आणि 'म्हातारा' तर काढताच येईना. त्यांना एवढंच सांगायचं होतं की एक बाई तीन रविवार एका रिकाम्या जागेकडे बघत बसली आणि ते माझ्या मतानं झालं.

मी म्हटलं, "मालक, असं साधंच सांगा. लोक ऐकतील."

ते गेले, आणि जेवणाच्या वेळेला परत आले. कोट न काढता खिडकीपाशी बसले. दोन दिवसांनी त्यांनी आपण होऊन सांगितलं. उभे राहिले तेव्हा सगळे गप्प झाले होते, कौतुकानं, टॉलंड बोलतोय म्हणून. 'म्हातारा'वर ते अडकले. किती वेळ ते त्यांना कळलं नाही. मागच्या बाकांवरून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. मग दुसऱ्या बाजूनं कुणी मेंढीसारखं ओरडलं, हा मेंढ्यांच्या गावचा म्हणून. सगळीकडे हशा पसरला. त्या गोंगाटात ते शेवटपर्यंत बोलले. एक शब्द गाळला नाही. फक्त ऐकलं कुणी नाही. वर्तमानपत्रात एक ओळ आली: 'श्री. टॉलंड हेही बोलले. गोंगाटामुळे त्यांचे म्हणणे कळले नाही.'

मला त्यांचं त्या दिवसाइतकं कौतुक कधी वाटलं नाही, आणि ते त्यांना सांगायचं मला सुचलं नाही.

गावी आल्यावर त्यांनी पंचांपुढं ठराव मांडला, की म्हाताऱ्या जोडप्यांना गरीबघरात एक खोली द्यावी. तो पिठवाला उठला, कारकुनाकडून जुनी वही मागवली आणि पहिल्या बैठकीतलं वाक्य वाचून दाखवलं. "माझ्या माणसांना एक न्याय आणि तुमच्या माणसांना दुसरा..." मग वही मिटून म्हणाला, "आमची माणसं वेगळी राहिली तेव्हा मालकांना खोली आठवली नाही." त्यात खोटं काही नव्हतं. ठरावाला तीन मतं पडली. मालकांनी अध्यक्षपद सोडलं.

एक्केचाळीसच्या निवडणुकीत त्यांची जागाही गेली. जमीनदारांना त्यांचा भरवसा उरला नव्हता, आणि गरिबांना मत नव्हतं. निकाल लागला त्या संध्याकाळी त्यांनी मेंढपाळाला बोलावून लोकरीविषयी तासभर गप्पा मारल्या. मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. पण चेहऱ्यावर ते दिसलं नाही.

दर रविवारी दुपारी ते गरीबघरात केझायाला भेटायला जात. भेटायच्या खोलीत दोघं समोरासमोर बसत. ती त्यांच्या बुटांकडे बघायची आणि म्हणायची, "पूस आधी." शेवटच्या वर्षात तिचं मन मागंपुढं व्हायला लागलं. कधी ती त्यांना पाळण्यातलं बाळ समजायची आणि विचारायची, प्यालास का? कधी म्हणायची, "जेबेझला सांगितलंस का मी इथं आहे ते? नाहीतर शोधत बसेल." मालक म्हणायचे, "सांगितलं." हे खोटं न अडखळता बोलायला ते कधी शिकले, कोण जाणे.

बेचाळीसच्या ऑक्टोबरात केझाया गेली. मालकांनी तिला गावच्या चर्चच्या आवारात, जेबेझला शेजारी आणून, पुरायचं ठरवलं. पण जेबेझ कुठं आहे हे कुणाला सांगता येईना. त्या हिवाळ्यात तिथं थंडीनं पाच जण गेले होते, आणि पुरणाराही पुढं मेला होता. दोन ठिकाणी खणून पाहायची तयारी झाली, तेव्हा मालकच म्हणाले, "नको. माणसांना उठवू नका." केझायाला त्याच मातीत ठेवलं. कुठंतरी शेजारीच असेल. प्रेतयात्रेला मालक, मी आणि मेंढपाळ होतो. पॉटिंजरनं सभ्यपणानं टोपी काढली.

त्यानंतर मालक साडेतीन वर्षं जगले. खाण्यावरची वासना गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. मार्चमध्ये, कोकरं जन्मायच्या दिवसांत, सकाळी मेंढवाड्यावर गेले आणि तिथंच गवताच्या भाऱ्याला टेकून गेले. मेंढपाळ म्हणाला, त्रास काही झाला नाही. मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं होतं की मला गरीबघराच्या जमिनीत पुरा. बाथहून वारस म्हणून चुलतभाऊ आला, त्यानं तो कागद वाचून घडी घातला. "टॉलंड घराण्याचा माणूस तिथं? दुःखानं डोकं ठिकाणावर नव्हतं त्याचं." चर्चमधल्या घराण्याच्या तळघरात, वडिलांच्या शेजारी, त्यांना ठेवलं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि स्टॅनबरीला बहिणीकडे राहायला आले.

पुढच्याच साली पार्लमेंटनं कायदा थोडा बदलला. साठीच्या पुढच्या नवरा-बायकोला वेगळं राहायची सक्ती करू नये, असं ठरलं. मालकांच्या त्या भाषणाचा याच्याशी काही संबंध नव्हता, उगाच कुणी जोडू नये. स्टॅनबरीच्या पंचांनी एक खोली काढली, पण तिच्यात दोन वर्षं बटाटेच ठेवले होते.

एकोणपन्नास साली ती पहिल्यांदा वापरली गेली. चाकू-कात्र्यांना धार लावणारा एक म्हातारा आणि त्याची बायको. मी केझायाच्या जागेवर फुलं ठेवायला महिन्यातून एकदा जाते, तेव्हा तिथल्या बाईनं मला कपाळाला हात लावून सांगितलं, "काय सांगू, मिसेस रुक, उठल्यापासून भांडतात दोघं. तो म्हणतो खिडकी उघड, ती म्हणते लाव. परवा तिनं त्याला चमच्यानं मारलं. कशाला दिली यांना खोली, असं झालंय आम्हाला."

दार अर्धं उघडं होतं. मी आत डोकावले. म्हातारा पलंगावर पाय वर घेऊन बसला होता आणि म्हातारी खाली वाकून त्याच्या पायांत मोजे चढवत होती, आणि चढवता चढवता त्याला शिव्या देत होती. त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आले. फाटकापर्यंत चालत गेले, मग भिंतीला टेकून तिथंच उभी राहिले, बहिणीचा नवरा गाडी घेऊन येईपर्यंत. वाटेत त्यानं विचारलं, "रडताय का?" मी म्हटलं, "वारं आहे."